मंडळाच्या खोलीतली सीट

पत्र (थोडं आवरून छापते आहे):

"काकू, नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावच्या युवक मंडळाचा कार्यवाह. वय 37. उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मंडळाने गावात रेशनचे किट वाटले. 2021 मध्ये गोव्याला आणि पुण्याला कामाला असलेल्या आमच्या माणसांनी फोनवरून पैसे पाठवले, त्यातून दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एक जम्बो सिलिंडर आणि दहा ऑक्सिमीटर घेतले. पेशंट न्यायला गाडी मिळत नव्हती, म्हणून एका मित्राच्या घरच्या ओम्नीची मागची सीट काढून तीच गाडी वापरली. चालवली त्यानेच. मीच म्हणायचो, 'तूच जा, तुझा हात बसलाय.' मे महिन्यात त्याचे वडील पॉझिटिव्ह आले आणि नवव्या दिवशी गेले. ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्या पोरांचा सत्कार ठेवला, तो आला नाही. शाल आणि 'कोविड योद्धा' प्रमाणपत्र त्याच्या घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंडळाच्या दारात ठेवलेलं होतं. तेव्हापासून तो मंडळात पाऊल ठेवत नाही. वाटेत भेटला तर 'काय, बरं काय?' एवढंच.

आता मंडळाला पन्नासावं वर्ष लागतंय. मशिनी खोलीत धूळ खात पडल्यात. ओम्नीची सीटही तिथेच आहे, तिच्यावरच त्या ठेवल्यात. कोविडच्या पैशातले 61,400 रुपये शिल्लक आहेत. अर्धी पोरं म्हणतात सुवर्णमहोत्सवाच्या मंडपाला घालू, अर्धी म्हणतात हात लावायचा नाही. शहरातला एक सेवा क्लब म्हणतोय, पुढच्या साथीसाठी तुमच्या मंडळाबरोबर मोठा प्रकल्प करू. हो म्हणावं का? आणि त्या मित्राचं काय करू? आमचं चुकलं का?"

प्रिय कार्यवाह,

आधी मशिनींचं बोलते, कारण पाऊस तोंडावर आलाय आणि त्यांचा प्रश्न सोपा आहे.

कॉन्सन्ट्रेटर म्हणजे टाकी नव्हे. त्यात ऑक्सिजन भरून ठेवलेला नसतो. तो खोलीतली हवा ओढतो, आतल्या झिओलाइटच्या बारीक खड्यांत नायट्रोजन अडकवतो आणि नव्वद-पंचाण्णव टक्के ऑक्सिजन नळीतून सोडतो. हे खडे ओल पितात. मशीन चालतं राहिलं तर ते कोरडे राहतात. कोपऱ्यात पडून राहिलं तर त्यांचं मिठाच्या बरणीसारखं होतं. मी आरोग्य खात्यात नर्स म्हणून बरीच वर्षं जांबोटी-कणकुंबीकडे काढली. तिथे जूनपासून काडेपेटीसुद्धा चुलीशेजारी ठेवावी लागते. तुमचं गाव इतकं पावसाचं नसेल, पण मंडळाच्या खोल्या कशा असतात ते मला ठाऊक आहे. एक खिडकी, तीही गणपतीच्या सांगाड्याने अडवलेली.

तेव्हा दोन्ही मशिनी काढा, मागची जाळी धुऊन वाळवून बसवा आणि अर्धा तास चालू ठेवा. मग दुरुस्तीवाल्याला बोलावून नळीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण मीटरने मोजून घ्या. हे मोजणं टाळू नका. नळीतून वारा येतो म्हणजे ऑक्सिजन येतो असं नाही. खडे निकामी झालेलं मशीन तसंच गुरगुरतं, दिवाही लावतं आणि साधी हवा फुंकत बसतं. घरची माणसं समजतात, चालू आहे. पेशंट मात्र सुकत जातो. प्रमाण नव्वदच्या खाली असेल तर दुरुस्त होईपर्यंत ते मशीन कुणाच्या घरी जाऊ देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. पुढे महिन्यातून एकदा अर्धा तास चालवायचं काम एका मुलाच्या नावावर लावून टाका.

सिलिंडरच्या मानेवर ठोकलेली तारीख बघा. दाबाखालच्या सिलिंडरची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. तुमचा 2021 चा असेल तर तारीख उलटून गेलेली असणार किंवा आलेली असणार. व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून कुणी खोबरेल किंवा ग्रीस लावलं नाही ना, हेही विचारा. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घेतं. फौंड्रीत असता, तुम्हाला हे सांगायला नको, पण मंडळातली पोरं चेनला लावायचं तेल कुठेही लावतात. ऑक्सिमीटरमधले सेल आजच काढा, नाहीतर आत हिरवं फुटून ते मेलेले असतील. सॅनिटायझरचे कॅन असतील तर ते समई-निरांजनाच्या खोलीत ठेवू नका. उरलेल्या गोळ्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नेऊन द्या. कुणाला ताप आला म्हणून 'तेव्हाच्या' गोळ्या वाटायच्या नाहीत.

आता त्या मशिनी कुणाला द्यायच्या, ते तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्ही त्या 'पुढच्या साथीसाठी' राखून ठेवल्यात. राखून ठेवलेलं मशीन मरतं, हे वर सांगितलंच. आणि ऑक्सिजन लागणारी माणसं आत्ताच तुमच्या गावात आहेत. चाळीस वर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या बायका आहेत. फौंड्रीत रेतीची धूळ छातीत घेऊन घरी बसलेले कामगार आहेत. तुमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्यांची यादी केलीत तर दोन-चार नावं निघतील. कोविडनंतर ज्यांची फुप्फुसं पूर्वीसारखी झालीच नाहीत, तेही आहेत. यांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर, वहीत सही घेऊन, महिन्या-दोन महिन्यांच्या बोलीने मशीन द्या. चिठ्ठीशिवाय देऊ नका. जुन्या दम्या-धुराच्या काही पेशंटना जास्त ऑक्सिजनच बाधतो, त्यांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा 88 ते 92 मध्ये ठेवावा लागतो. तिथे घरच्या माणसाने प्रेमापोटी काटा वाढवला तर पेशंट गुंगीत जातो. आणि बिडीवाला घरात असेल तर आधी बिडी बंद.

लाइटचंही बघा. पाच लिटरचं मशीन साधारण तीन-चारशे वॅट खातं आणि हेस्कॉमची लाइन पावसात कशी असते ते तुम्ही जाणता. म्हणून सिलिंडर सोडू नका. सात हजार लिटरचा जम्बो मिनिटाला पाच लिटरने चालवला तर तेवीस तास पुरतो. मे 2021 मध्ये हा हिशेब आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता.

पैशाबद्दल माझं मत ऐकून अर्धी पोरं रागावतील. मंडपाला नाही.

मंडप वाईट असतो म्हणून नव्हे. बेळगावातल्या आमच्या शहापुरात मी स्वतः वर्गणीला फिरले आहे. पण म्हापशात हॉटेलात भांडी घासणाऱ्याने त्या मे महिन्यात पाचशे रुपये पाठवले, ते पाठवताना त्याच्या डोळ्यांपुढे गावातली त्याची आई होती. तो पैसा त्या नावाने आला, त्याच कामाला जायला हवा. दुसऱ्या कामाला वळवायचा तर देणाऱ्याला विचारून. तुमच्याकडे फोनवर आलेल्या पैशांची नोंद आहे, नंबर आहेत. प्रत्येकाला मेसेज करा: एवढे आले, एवढे असे खर्च झाले, एवढे उरले, त्यातून अमुक करायचं ठरतंय, हरकत असेल तर कळवा. आणि जमाखर्चाचा एक कागद मंडळाच्या फलकावर लावा. मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड का, ते पुढे सांगते.

एक शंका विचारते. ते पैसे कुणाच्या खात्यावर आले होते? बहुतेक तुमच्या स्वतःच्या. त्या गडबडीत सगळीकडे तसंच झालं, कुणी खातं उघडायला थांबलं नाही, आणि थांबायला नकोच होतं. पण आजही ते 61,400 तुमच्या बचत खात्यात तुमच्या पगारात मिसळून असतील, तर उद्या मंडपवाले आणि हात-लावायचा-नाहीवाले दोघंही तुमच्याकडेच बोट करतील. मंडळाची नोंदणी नसेल तर ती करून घ्या, कर्नाटकात त्यासाठी 1960 चा सोसायटी नोंदणी कायदा आहे. मग मंडळाच्या नावाने, दोन सह्यांचं खातं. पन्नासाव्या वर्षी मंडपाआधी एवढं झालं तरी पुष्कळ.

खर्चाला मी एक काम सुचवते, ते मला कोविडच्या सगळ्यात जवळचं वाटतं. क्षयरोग. 2019 मध्ये देशात 24 लाखांवर क्षयरुग्ण नोंदले गेले होते, 2020 मध्ये ते 18 लाखांवर आले. रोग कमी झाला नव्हता. माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि खोकला म्हटलं की ज्याला त्याला कोरोनाच आठवत होता. आम्ही त्या वर्षी घरोघर तापमान मोजत हिंडलो, पण तीन महिने खोकणाऱ्या म्हाताऱ्याला 'कोरोना नाही ना, मग बरं' म्हणून पुढे गेलो. हे मला अजून टोचतं. सप्टेंबर 2022 पासून 'निक्षय मित्र' म्हणून सोय आहे. उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णाला कुणीही व्यक्ती किंवा मंडळ किमान सहा महिने पोषक आहाराची पिशवी देऊ शकतं. सरकार रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये द्यायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, पण घरात कमावता हात तोच असेल तर एवढ्यात भागत नाही. पिशवीला महिन्याला हजार धरले तर पाच रुग्णांचे सहा महिने तीस हजारांत होतात. उरलेल्यातून मशिनींची दुरुस्ती आणि सिलिंडरची चाचणी. रुग्णाची संमती पीएचसीतून घ्यायची, नाव कुठे छापायचं नाही, आणि पिशवी देताना फोटो काढायचा नाही. गावात टीबी कळला की पोरीचं लग्न मोडतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता त्या सेवा क्लबाचं. अशा क्लबांत मी बसले-उठले आहे, त्यांचा चहा प्यायले आहे, त्यांची चांगली कामंही बघितली आहेत. 1985 पासून रोटरीवाल्यांनी पोलिओ धरून ठेवला, आमच्या बूथवर रविवारी सकाळी त्यांची माणसं बिस्किटं आणि शिट्ट्या घेऊन यायची, आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तीस-तीस वर्षं एका कामाला चिकटणारेही क्लब असतात. पण बहुतेक मोठ्या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, अध्यक्ष बदलतो. नवा अध्यक्ष आपला प्रकल्प आणतो. जुन्याचा फलक गंजत राहतो. साथ मात्र जून-जुलै बघत नाही. 2021 ची लाट नेमकी मे महिन्यात अंगावर आली, आणि एकीकडे ऑक्सिजनसाठी फोन चालू असताना दुसरीकडे वार्षिक अहवालासाठी फोटो मागणारे मेसेज येत होते. मी चिडून एकदा एका सद्गृहस्थांना उलट बोलले होते. ते भले गृहस्थ होते, नंतर माफी मागितली.

तेव्हा हो म्हणा, पण तीन वर्षांचं लिहून घ्या. पहिल्या वर्षीचं उद्घाटन छोटं आणि तिसऱ्या वर्षीचा देखभालीचा खर्च मोठा, असं असेल तरच. त्यांनी नवीन मशिनी देऊ केल्या तर नको म्हणा. त्यांच्याकडून गाडी आणि डिझेल मागा, प्रशिक्षण मागा, वर्षातून दोनदा डॉक्टर मागा. यादी तुमची तुम्ही करा. गावात एकटे राहणारे म्हातारे कोण, डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा शहरात कुणाला जावं लागतं, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कुणाचं औषध महिन्याच्या महिन्याला सीमेपलीकडून येतं. 2020 च्या मार्चमध्ये आमच्याकडे ही यादी नव्हती. किट होते. ज्यांच्या घरी रेशनचा तांदूळ होता त्यांनाच आम्ही पुन्हा तांदूळ दिला.

आणि कन्नडचं. हे लिहायला मला थोडं जड जातंय. आमच्या महिला मंडळाने मदतीसाठी फोन नंबरांचं पत्रक काढलं, ते फक्त मराठीत. मुद्दाम नव्हे, आमच्या ग्रुपवर सगळ्या मराठीच बायका, सुचलंच नाही. मागच्या ओळीतल्या विणकरांच्या घरांत कन्नड बोलतात. त्यांच्याकडून पंधरा दिवस एकही फोन आला नाही आणि आम्ही समजलो, तिथे सगळं ठीक आहे. ठीक नव्हतं. माग बंद होते, हातात पैसा नव्हता, आणि आमचा नंबर त्यांना वाचता येत नव्हता. आपल्याला कन्नडमधलं परिपत्रक हातात पडलं की राग येतो ना? येतोच, आयुष्यभर आलाय. त्या पंधरा दिवसांत तेच आम्ही दुसऱ्याला केलं. मराठीच्या हक्काचं भांडण मी सोडलेलं नाही, पण औषधाच्या कागदावर ते आणायचं नाही हे तेव्हापासून ठरवलंय.

सीमेचंच आणखी एक. 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. कोगनोळीला हायवेवर गाड्यांच्या रांगा, इकडे बाचीला नाका. शिनोळीपलीकडची चंदगडची माणसं वर्षानुवर्षं दवाखान्याला बेळगावला येतात, त्यांची औषधं अडकली. तेव्हा काही पोरांनी नाक्यावर औषधं हातोहात पोचवली, एक बाजूला इकडचा, एक बाजूला तिकडचा. तुमच्या प्रकल्पात पलीकडच्या एखाद्या मंडळाशी असा दोस्ताना आत्ताच जोडून ठेवा. नाका बसल्यावर ओळखी काढायला वेळ मिळत नाही.

एवढं झालं. आता तुमचा मित्र.

'आमचं चुकलं का' याचे दोन भाग आहेत आणि तुम्ही ते एकत्र करून चार-पाच वर्षं पोटात घेऊन हिंडताय.

त्याच्या वडिलांना संसर्ग त्या ओम्नीतूनच आला का, हे कुणी सांगू शकत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात, आणि लक्षणांच्या आधीच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. त्या एप्रिलमध्ये आपल्याकडे काय चाललं होतं आठवा. 23 सप्टेंबर 2020 ला आपले खासदार सुरेश अंगडी कोरोनाने गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेसाठी 17 एप्रिल 2021 ला, ऐन लाटेत, पोटनिवडणूक झाली. महिनाभर गल्लोगल्ली सभा, सगळ्याच पक्षांच्या, आपल्या माणसांच्याही. पुढे लग्नं, बारशी. 27 एप्रिलच्या रात्रीपासून बंद, सकाळी 6 ते 10 दुकानं उघडी आणि त्या चार तासांत बाजारात मुंगीला वाट नाही. वडील किराणा आणायला गेले असतील, पंचांच्या बैठकीला बसले असतील, कुणाच्या मयताला. तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि तुमच्या मित्रालाही नाही. त्याने मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलंय, असं मला वाटतं. शाल परत ठेवणारा माणूस तुमच्यावर रागावलेला असेलही, पण 'योद्धा' हा शब्द ज्या घरातून वडिलांची तिरडीसुद्धा नीट निघाली नाही त्या घरात पाठवला, तो त्याला कसा लागला असेल बघा.

दुसरा भाग असा की हो, तुमचं चुकलं. मी नर्स आहे, गुळगुळीत बोलत नाही. घरात साठीपुढचं माणूस असलेल्याला रोज गाडीवर बसवायचं नव्हतं. दोन-तीन जणांची पाळी लावायची होती, चालवणाऱ्याने आठवडाभर वेगळं झोपायचं होतं, चालवणारा आणि पेशंट यांच्यामध्ये मेणकापडाचा पडदा आणि काचा खाली. 1 मे पासून अठरा वर्षांपुढच्यांना लस खुली झाली म्हणतात, पण लस होती कुठे, त्या महिन्यात राज्याने ती काही दिवस थांबवलीच. मंडळाची पोरं सरकारच्या कुठल्याच यादीत नव्हती. तुमचा मित्र बिनलसीचा, साध्या मास्कवर गाडी चालवत होता आणि तुम्ही म्हणत होता, तुझा हात बसलाय. तुम्हाला हे सगळं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तरी 'तूच जा' हे शब्द तुमचे, आणि ते तुम्हालाच त्याच्यासमोर उचलावे लागतील. वडिलांच्या मरणाची जबाबदारी घेऊ नका, ती तुमची नाही. त्या दोन शब्दांची घ्या.

आमची आजी तिच्या आईकडून ऐकलेलं प्लेगाचं सांगायची. गाव मोकळं करून माळावर खोपटी घातली होती, आणि जे कुणी मढी वाहायला गेले त्यांना नंतर लोक आपल्या खोपटाजवळ बसू देत नव्हते. आजही आपल्या गावांत वार पाळतात, वेशीबाहेर जातात, देवीला गाऱ्हाणं घालतात. सगळा गाव एकदम बाहेर पडतो आणि एकदम परत येतो, त्यात मला काहीतरी शहाणपण दिसतं. 2021 नंतर तुमचं गाव परत आलं. एकजण वेशीबाहेरच राहिला.

माझं सांगते, मग तुम्हाला काय करायचं ते कळेल. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही पॉझिटिव्ह घरांना डबे पोचवत होतो. एका मैत्रिणीला मी वडगावची फेरी दिली, कारण तिच्याकडे स्कूटर होती. ती आजारी पडली, सतरा दिवस दवाखान्यात. वाचली. मी रोज तिच्या मुलीला फोन करत होते. ती घरी आल्यावर मात्र मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. काय बोलणार? दोन वर्षं आम्ही एकमेकींना लांबूनच हात केला. एकदा तीच माझ्या दारात आली, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "मंडळाचे सात डबे माझ्याकडेच राहिलेत की. किती दिवस सांभाळू?" डबे मोजून घेतले. एकाचं झाकण बदललेलं होतं, ते कुणाचं यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. नंतर चहा झाला, नंतर तिचं रडणं झालं, नंतर माझं. ती डबे घेऊन आली नसती तर मी आजतागायत गेले नसते, हेही खरं.

तुमच्या पत्रात ओम्नीची सीट एका वाक्यात येऊन जाते. त्या पोराच्या घरची वस्तू आहे ती. त्याने घरच्या गाडीतून काढून दिली, वडिलांना विचारूनच दिली असेल. आणि ती अजून तुमच्या खोलीत, मशिनींच्या खाली. त्याने मागितली नाही. तुम्ही दिली नाहीत.

ती न्या. शाल नको, नारळ नको, पोरांचा घोळका नको, सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण तर मुळीच नको. सणाच्या दिवशी जाऊ नका, वडिलांच्या श्राद्धाच्या दिवसातही नको. साधा शुक्रवार-शनिवार बघा, तो कामावरून आल्यावर, एकटे जा. त्याची आई असेल, तिला आधी नमस्कार करा. सीट ओट्यावर ठेवा आणि सांगा, ही द्यायची राहिली होती. मग म्हणा, मी तुला तूच जा म्हणायचो, ते चुकलं. बस. पोटनिवडणूक, चौदा दिवस, कुठून आला असेल कोण जाणे, हे माझं वरचं सगळं तिथे काढू नका. त्याने विचारलं तरच. 'नशिबात होतं' असं तर त्याच्या आईने म्हटलं तरी तुम्ही मान डोलवू नका. परत मंडळात ये असंही म्हणू नका. तो ओरडला तर ऐकून घ्या. आतच गेला तर आईने दिलेलं पाणी पिऊन उठा.

पेट्रोलचा हिशेबही त्या काळात कुणी ठेवला नसणार. त्या दिवसांत त्याने स्वतःच्या खिशातून किती घातलं ते तुम्ही अंदाजाने काढा आणि वर सांगितलेल्या जमाखर्चाच्या कागदात ती ओळ लिहा, त्याच्या नावाने, येणं म्हणून. पैसे तो घेणार नाही बहुतेक. तरी कागदावर यायला हवं, गावाने वाचायला हवं.

गाडी त्याने विकली असेल तरी सीट न्या. आधी मशिनी खाली उतरवा, ओल्या फडक्याने नीट पुसा, उंदरांनी स्पंज कुरतडला असेल तर शहरात सीट शिवणाऱ्याकडून शिवून घ्या, त्याचा खर्च मात्र कोविडच्या पैशातून नको, तुमच्या खिशातून. आणि तिचे बोल्ट काढून तेव्हा कुणीतरी कुठल्या तरी डबीत ठेवले असतील, ते शोधा.